अप्पांचा अहरोन

आमच्या घरात वाक्य एक जण सुरू करायचा आणि दुसरा संपवायचा. सुरू करायचे माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि संपवायची मी. अप्पांच्या जिभेला जन्मापासून अडखळ होती. म, प, ज ही अक्षरं आली की त्यांचा गळा ताठ व्हायचा, डोळे मिटायचे, उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरल्यासारखी आपटायची आणि शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. तो शब्द अडकला की इकडे माझा श्वास अडकायचा. मग मीच तो शब्द बोलून टाकायची आणि अप्पा मान हलवून पुढच्या शब्दाला लागायचे. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "आगं, जरा थांब की. येतोय त्यो शबुद." पण थांबणं मला जमत नव्हतं. नखात काटा गेल्यावर तो ओढून काढल्याशिवाय कुणाला चैन पडतं?

आणि हे अप्पा कीर्तनकार होते, हे ऐकून लोकांना आजही हसू येतं. आम्ही इस्लामपूरचे ख्रिस्ती. गावाच्या कडेला, उसाच्या गाड्या जायच्या त्या रस्त्याला आमची आठ-दहा घरं आणि एक पत्र्याचं देऊळ. हंगामात सकाळी साखर कारखान्याचा भोंगा आणि दिवसभर मळीचा आंबूस वास. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार अप्पांकडे. अप्पा उपदेशक होते, पण त्यांचा जीव कीर्तनात. कपाळाला बुक्का नाही एवढंच. बाकी फेटा, उपरणं, झांज, ढोलकी सगळं होतं, आणि आख्यानं आमच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलातली. गाताना त्यांची जीभ अडत नसे. एकदा सूर लागला की तोच म, तोच प, तोच ज पाण्यासारखा वाहायचा. गावातले ऊसवाले शेतकरी, पेन्शनीत आलेले फौजी, सगळे यायचे. देव कुणाचा का असेना, गळा चांगला आहे ना, म्हणायचे.

पण कीर्तन नुसतं गाण्यावर चालत नाही. दोन पदांच्या मध्ये गोष्ट सांगावी लागते, आणि ती गद्यात. मी आठ वर्षांची असताना एका रविवारी दुपारी अप्पा मोशेच्या आख्यानाला उभे राहिले. पद संपलं आणि ते "मो... मो..." करत राहिले. लोक आधी खाली बघायला लागले, मग एकमेकांकडे. मी झांज घेऊन मागे उभी होते. मी ओरडले, "मोशे! त्याच्या आईनं त्याला टोपलीत घालून नदीत सोडलं!" सगळी सभा हसली. अप्पाही हसले आणि मला हाताला धरून पुढे उभं केलं. गोष्ट मला पाठ होती, ती मी धडाधडा सांगून टाकली. ढोलकी वाजवणारे नाना त्या दिवशी म्हणाले, "आवं अप्पा, तुमच्या त्या मोशेलाबी जीभ जड हुती न्हवं? त्येच्या वतीनं भाऊ बोलायचा. काय नाव त्येचं?" अप्पा म्हणाले, "अहरोन." अ त्यांना जड जात नसे. तेव्हापासून गावात मला कुणी मिर्याम म्हणेना. अहरोन हेच नाव पडलं.

नाना आमच्यातले नव्हते. पलटणीत वीस वर्षं काढून आलेला शेतकरी माणूस, घरचा ऊस, घरची म्हैस. आमच्या कीर्तनाला का जातोस म्हणून त्यांच्या भावकीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ह्यो मोशे आमच्या सुभेदारावानी हाय. पुढं समुद्र, मागं दुश्मन, आन् संगतीला कटकट करनारी पलटन." मोशेच्या पुढारीपणाचं इतकं थोडक्यात निरूपण मला आयुष्यात कधी जमलं नाही. आमचं आख्यान पाच रविवार चालायचं. पहिल्यात टोपली आणि मिसर देशाच्या राजाच्या, फारोच्या, घरातलं वाढणं; मग मिसरी मुकादमाचा खून, पळून जाणं, मेंढरं राखणं, जळतं झुडूप आणि देवापुढे मोशेची सबब, की मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. ही सबब अप्पा अशा काही आळवून गायचे की बायका डोळे पुसायच्या. मग पीडा, समुद्र, रानातली चाळीस वर्षं. त्यात सासऱ्याचा सल्लाही यायचा, की बाबा, सगळे तंटे एकटा सोडवत बसशील तर मरशील, माणसं नेम आणि कामं वाटून दे. इथे नाना हटकून ढोलकीवर एक थाप टाकून म्हणायचे, "सासरा शाना हुता."

ऐकायला हे गोड वाटतं. मला ते गोड नव्हतं. दहा वर्षं मी अप्पांचं तोंड होते आणि तोंडाला घर सोडून कुठे जाता येत नाही. रेशनच्या दुकानात मी, तलाठ्याकडे मी, एसटीत कंडक्टरपुढे मी, मयतीला गेलं तर सांत्वनाचे शब्दही मीच. शाळेची सहल वाईला गेली, कृष्णेचा घाट बघून मुली दोन दिवस तेच बोलत होत्या. मी गेले नव्हते, कारण त्या शनिवारी लग्न लावायचं होतं. आई-अप्पांचं भांडण झालं तर त्यातही अप्पांची बाजू मीच बोलायची. "तुला मीठ किती घालावं कळत न्हाई का," असं मी माझ्या आईला अप्पांच्या वतीनं म्हटलेलं आहे, आणि आईनं अप्पांचा राग माझ्यावर काढलेला आहे. एकदा कराडकडचं स्थळ आलं माझ्यासाठी. पाहुण्यांनी विचारलं, काय ठरवलंत? अप्पा "आमाला म... मु..." एवढं म्हणाले आणि मी पोह्यांची ताटली हातात धरून सांगून टाकलं, "आमाला मुलगी एवढ्यात द्यायची नाही." मुलाची आई म्हणाली, "अगं, तुला कोण विचारतंय?" अप्पांनी मात्र मान हलवली. बरोबर तेच म्हणायचं होतं त्यांना. मी कधी चुकत नसे, हा माझा गर्व होता. आज सत्तरी ओलांडल्यावर, साताऱ्यातल्या या दोन खोल्यांत बसून, मला त्या गर्वाची लाज वाटते. पण तेव्हा माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

दुष्काळाचं दुसरं साल चालू होतं तेव्हा मी मॅट्रिक झाले. ज्वारी दिसेनाशी झाली होती. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाला घासायची. हुलग्याचं माडगं आठवड्यातून चार वेळा. आई म्हणायची, "खा गप, मान्ना हाय समज." मान्ना म्हणजे इस्राएल लोकांना रानात देवानं आभाळातून पाठवलेलं अन्न. मी कुणाला न सांगता मिरजेला परिचारिकांच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं: जागा आहे, वडिलांच्या संमतीनं हजर व्हा. ते पत्र मी अप्पांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवून दिलं. हो नाही, ना नाही. पंधरा दिवस गेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, एखादं अक्षर सुरू होतंय का म्हणून. रविवारी मी निरूपण करायची, इस्राएल लोकांना फारो सोडत नव्हता ते सांगायची आणि माझा आवाज नको तिथे चढायचा. नाना एकदा हळूच म्हणाले, "पोरी, फारोवर लय राग काढतीस गड्या आज."

मग एक दिवस मिरजेच्या इस्पितळाच्या मेट्रनबाई स्वतःच घरी आल्या. मिरजेहून कराडला कसल्याशा बैठकीला निघाल्या होत्या, वाटेत उतरल्या. पांढरी साडी, हातात छत्री, बोलणं मोजकं. आईनं गुळाचा चहा दिला. बाईंनी सरळ विचारलं, "मुलगी हुशार आहे. पाठवताय ना?" अप्पांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर आपटायला लागली. "जा... जा... जा..." ते म्हणत राहिले. माझा श्वास अडकला. मला पंधरा दिवसांची ती घडी घातलेली चुप्पी आठवली, सहल आठवली, कराडचं स्थळ आठवलं. पुढचं अक्षर मला ठाऊकच होतं. मी म्हणाले, "जायची न्हाई."

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली, पण त्यांनी मान हलवली नाही, होकारार्थी नाही की नकारार्थी नाही. बाई छत्री उचलून म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते. मन बदललं तर कळवा." त्या गेल्यावर मी परसात जाऊन भांडी घासायला घेतली आणि इतकी जोरात घासली की शेजारीण विचारायला आली. अप्पा रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, चहा जास्त झाला असेल.

त्याच महिन्यात आटपाडीचं बोलावणं आलं. नानांची बहीण तिकडे दिलेली. तिथं दुष्काळी कामावर शेकडो माणसं खडी फोडत होती. तिथला मुकादम नानांच्या ओळखीचा, त्यानं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी दुपारी लोकांना काहीतरी ऐकवा, माणसं दगडासारखी झालीत. आम्ही विट्यावरून एसटीनं गेलो. मी आणि अप्पा शेजारी बसलो होतो, पण माझं तोंड खिडकीकडे. बाहेर काहीच हिरवं नव्हतं. आटपाडीला एका लिंबाच्या झाडाखाली, खडीच्या ढिगांच्या मधोमध लोक बसले होते. बायकांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मोशेचं पाच रविवारचं आख्यान आम्ही एका दुपारी आवरायचं ठरवलं.

मी इतकं चांगलं निरूपण कधी केलं नव्हतं. मिसरी मुकादम गुलामांकडून विटा करून घेतात, मातीत मिसळायचं गवत न देता विटांची संख्या तेवढीच मागतात, हे मी सांगितलं तेव्हा लोकांनी वळून त्यांच्या मुकादमाकडे बघितलं आणि तो बिचारा टोपी काढून हसला. रानातल्या मान्नाला मी सुकडी म्हटलं तर टाळ्या पडल्या. रोज सरकारी सुकडी खाऊन त्यांनाही वीट आला होता. अप्पा रंगून गात होते. मग खडकाचं पद आलं. लोक तहानेनं मोशेच्या अंगावर येतात. देव त्याला सांगतो, खडकाशी बोल, तो पाणी देईल. आणि मोशे बोलत नाही, रागानं काठी मारतो, दोनदा. पाणी येतं. पण देव म्हणतो, तुझ्या लोकांना देऊ केलेल्या त्या वचनाच्या देशात तू आता जायचा नाहीस, लांबून बघशील तेवढंच. या ठिकाणी मी नेहमी राग वाईट असं काहीतरी सांगायची आणि पुढे जायची. त्या दिवशी पुढं बसलेली एक म्हातारी मधेच म्हणाली, "पर पानी आलं न्हवं? चाळीस वर्सं राबला त्यो. मग एवढ्यासाटनं त्येला आत का जाऊ दिलं न्हाई?"

कीर्तनात कुणी असं विचारत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "कारण त्याला बोलायला सांगितलं होतं, आजी. आणि तो बोलला नाही." हे म्हणताना मी अप्पांकडे बघत होते, मुद्दाम, आणि माझ्या तोंडात पुढची वाक्यं उभी होती. काही माणसं स्वतः बोलत नाहीत आणि दुसऱ्याचा जन्म खातात, असं मला म्हणायचं होतं, त्या सगळ्या लोकांपुढे. त्याऐवजी मी झांज खाली ठेवली आणि सतरंजीवर बसले. आता बोला म्हटलं मनात. बघू या कसे बोलता.

नानांनी वेळ निभावून न्यायला ढोलकीवर बोटं फिरवायला सुरुवात केली. अप्पांनी वाकून ढोलकीच्या पानावर हात ठेवला आणि ती थांबवली. मग ते सरळ उभे राहिले. गाण्याचा सूर लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो लावला नाही. "म्हा... म्हातारे," ते म्हणाले, "पा... पा... पानी आलं. प... पर त्यो बोलला न्हाई. म... म... मी बी." आणि मग जे सांगितलं ते सांगायला त्यांना किती वेळ लागला मला माहीत नाही. मेट्रनबाई आल्या होत्या ते सांगितलं. "म... मी म्हननार हुतो, जा... जाऊ द्या तिला. प... पोरगी म्हनली, जायची न्हाई. म... मला..." इथे ते अडले ते अडलेच. घाम फेट्यातून खाली आला. एक माणूस उठायला लागला तर त्याला शेजाऱ्यानं धोतर धरून बसवलं. माझ्या ओठांवर दहा शब्द आले. 'मला राग आला', 'मला वाईट वाटलं'. मी दातांत जीभ धरली. शेवटी ते म्हणाले, "मला ग्वाड वाटलं ते. म्हनून म... मी गप बसलो."

मी आजवर अनेक माणसांचे कबुलीजबाब ऐकले आहेत. नर्सला लोक मरताना खूप काही सांगतात. पण असा दुसरा ऐकला नाही. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते: मला संताप आला. त्यांचा, की ते गप्प राहिले. आणि त्याहून माझा, की माझं दार बाहेरून कुणी लावलं नव्हतं, ती कडी मीच घातली होती, माझ्याच तोंडानं, माझ्याच हुशारीनं. दहा वर्षांत आणखी किती वाक्यं मी अशी संपवली होती? त्यातली किती त्यांची होती? कराडचं स्थळ खरंच त्यांना नको होतं का? हे प्रश्न मी त्यांना पुढे विचारले नाहीत. विचारायला हवे होते.

म्हातारी उठून पुढे आली. अप्पांच्या पाया पडेल असं वाटलं, पण तिनं त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि म्हणाली, "मग आता बोललास न्हवं! धाड की तिला." लोक हसले, अप्पा हसले, नानांनी ढोलकी वाजवली आणि डोंगरावरून देश बघणाऱ्या मोशेचं शेवटचं पद अप्पांनी एकट्यानं म्हटलं. घरी आल्यावर नानांनी आईला सगळं सांगितलं. आई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तुला म्हनत हुते न्हवं, थांब जरा म्हून." आणि तिनं माझे दोन परकर-पोलकी आणि साड्या धुवायला काढल्या.

महिना संपायला तीन दिवस होते. मिरजेला अप्पा माझ्याबरोबर आले. एसटीत तिकीट त्यांनी काढलं, स्वतः. कंडक्टर वैतागला, मागचे प्रवासी कुजबुजले, मी माझ्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मेट्रनबाईंच्या खोलीत डेटॉलचा वास होता. बाईंनी कागद पुढे सरकवला, अप्पांनी सही केली. मला वाटलं, झालं. बाईंनाही वाटलं, त्या उठल्या. पण अप्पा उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं मांडीवर आपटायला लागली. "हि... हिला..." ते म्हणाले. माझ्या मनात आलं, 'हिला सांभाळा.' मग वाटलं, 'हिला शिकवा.' 'हिला सुट्टी द्या, रविवारची.' मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ओठ मिटून घेतले. बाई उभ्याच होत्या. भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं चालत होतं.

"हिला वि... वि... विजांचं भ्या वाटतं," अप्पा म्हणाले. "ढ... ढग वाजलं की कुनीतरी हिच्या ज... जवळ बसा."

दोन वर्षं आमच्याकडे ढग वाजला नव्हता. आणि ही भीती मी कधी, कुणालाही, आईलासुद्धा सांगितली नव्हती. हे वाक्य मला जन्मात पुरं करता आलं नसतं.